पायथनच्या डॉक्सची अवजारं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडची काही मराठी मंडळी. कुणी कॉलेजात शिकतो, कुणी उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरी करतो, दोघं-तिघं शिक्षक आहेत. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या ओपन सोर्स भाषेचं डॉक्युमेंटेशन (थोडक्यात डॉक्स, म्हणजे वापराची माहिती) ज्या अवजारांनी तयार होतं, त्यावर फावल्या वेळात काम करतो. नवा माणूस आला की तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

म्हणजे तुम्ही पायथनची माहिती मराठीत आणता?

नाही. निदान आधी ते नाही.

डॉक्स म्हणजे वाचायचा मजकूर. तो साध्या टेक्स्ट फायलींमध्ये लिहिलेला असतो. त्यापासून वेबपानं, पीडीएफ, अनुक्रमणिका, शोधाची यादी तयार करणारं सॉफ्टवेअर वेगळं असतं. पायथनसाठी ते काम स्फिंक्स करतं. पूर्वी पायथनचे डॉक्स लाटेक या छपाईच्या मांडणीच्या भाषेत लिहिले जायचे. ते सोडून सोप्या खुणांच्या मजकुराकडे वळताना गिऑर्ग ब्रँडल यांनी स्फिंक्स लिहिलं आणि २००८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. आज पायथनबाहेरचे असंख्य प्रकल्पही तेच वापरतात. त्यामुळे स्फिंक्समध्ये एक दुरुस्ती झाली की ती पायथनपुरती राहत नाही.

खरं भाषांतर आधी का नको? लोकांना तेच पाहिजे की.

पाहिजे, कबूल. पण त्याचा हिशेब बघा.

पायथनच्या डॉक्सच्या अनुवादाचे नियम पेप ५४५ मध्ये आहेत (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचा अधिकृत प्रस्ताव). तो २०१७ सालचा. पानाच्या वर भाषा निवडायची जी यादी दिसते, तिच्यात नाव यायला पूर्ण ट्युटोरियल, अंगभूत फंक्शनांचं पान आणि चुका कळवायच्या माहितीचं पान एवढं शंभर टक्के अनुवादित लागतं. शिवाय अनुवाद सीसी-शून्य परवान्याखाली द्यावा लागतो, म्हणजे त्यावर आपला हक्क राहत नाही. हे सगळं जमण्यासारखं आहे. जपानी, फ्रेंच, कोरियन मंडळींनी ते केव्हाच करून दाखवलं.

खरा घोळ नंतर होतो. अनुवाद गेटटेक्स्ट या अनुवादाच्या अवजाराच्या पीओ फायलींमध्ये राहतो. एक मूळ इंग्रजी परिच्छेद, खाली आपला. मूळ परिच्छेदात कुणी एक स्वल्पविराम जरी हलवला, तरी आपल्या अनुवादावर ‘फझी’ असा शिक्का बसतो आणि तो परिच्छेद पानावर परत इंग्रजीत दिसायला लागतो. चार जणांनी उत्साहात दोनशे पानं केली आणि परीक्षा आल्या म्हणून सगळे पांगले, तर वर्षभरात पान अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी होतं. असं पान वाचण्यापेक्षा सरळ इंग्रजी वाचलेलं बरं.

आणि समजा अनुवाद टिकला, तरी त्यात शोधता येणार नसेल तर काय? ते पुढच्या उत्तरात.

शोधात असं काय बिघडलंय?

सगळ्यात मोठा घोटाळा हाच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

स्फिंक्स पानं बांधताना सगळ्या मजकुराचे शब्द सुटे करून त्यांची यादी बनवतं. शब्द सुटे करायला त्याची मूळ पद्धत पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुने शोधायच्या सोयीतला) ‘शब्दातलं अक्षर’ हा नमुना वापरते. इंग्रजीत तो चोख चालतो. पण पायथनच्या अंगभूत मॉड्यूलमध्ये या नमुन्यात फक्त अक्षरं, अंक आणि अधोरेषा बसतात. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांना युनिकोड (सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक) ‘अक्षर’ म्हणत नाही, ‘चिन्ह’ म्हणतं. म्हणून प्रत्येक काना-मात्रेपाशी शब्द तुटतो.

‘मराठी’ दिलं तर हाती ‘मर’ आणि ‘ठ’ येतात. ‘बेळगाव’चे ‘ब’, ‘ळग’, ‘व’ असे तीन तुकडे होतात. ‘खानापूर’चं तर एकेक अक्षर सुटं होतं. आणि आमचं लाडकं उदाहरण म्हणजे ‘नंदगड’: त्याचे ‘न’ आणि ‘दगड’. म्हणजे खानापूर तालुक्यातलं नंदगड हे ‘दगड’ शोधणाऱ्यालाही सापडतं. ‘नगर’ तेवढं धडधाकट राहतं, कारण त्यात काना-मात्राच नाही.

ब्राउझरमध्ये शोधाचा शब्द टाकल्यावर तोही असाच तुटतो, त्यामुळे कधीकधी योगायोगाने बरोबर पान वर येतं आणि सगळं ठीक चाललंय असं वाटतं. पण सोबत भलतीच पानंही येतात. मजकूर जितका जास्त, तितका कचरा जास्त.

पायथनच्या या नमुन्याबद्दलची एक तक्रार २०११ पासून नोंदलेली आहे. ती युनिकोडच्या नियमांवर बोट ठेवून केली आहे, फक्त देवनागरीसाठी नव्हे. इतक्या वर्षांनी तो नमुना बदलला तर जगभरच्या जुन्या कोडचे निकाल बदलतील, ही अडचण आहेच. वेगळं इन्स्टॉल करायचं ‘रेजेक्स’ नावाचं मॉड्यूल मात्र चिन्हांना शब्दात धरतं. स्फिंक्समध्येही नवी भाषा जोडायची वाट ठेवलेली आहे: शब्द तोडणारा, प्रत्यय काढणारा आणि टाळायच्या शब्दांची यादी देणारा आपला स्वतःचा वर्ग (कोडमधला क्लास) लिहायचा, आणि ब्राउझरच्या बाजूचं तोडणंही त्याच्याशी जुळवून द्यायचं. दोन्हीकडे एकाच नियमाने तुटलं पाहिजे, नाहीतर काहीच सापडत नाही. आमचं बरंचसं काम इथे चालू आहे.

शब्द नीट तुटले की काम संपलं ना?

नाही, मग प्रत्यय येतात. लूप, लूपला, लूपचा, लूपच्या, लूपमध्ये, लूपमधून, लूपसाठी. वाचणारा ‘लूप’ टाकणार, पानावर बाकीचे सहा असणार. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच वगैरे भाषांसाठी स्फिंक्स स्नोबॉल या प्रकल्पाचे तयार स्टेमर (प्रत्यय काढून शब्दाचं मूळ रूप देणारे) वापरतं. मराठीसाठी तशी तयार सोय त्यात नाही.

‘ला’ दिसला की काप, ‘चा’ दिसला की काप, असा नियम पहिल्या दिवशी प्रत्येकाला सुचतो. मग बेळगावचा किल्ला ‘किल्’ होतो, मोर्चाचा ‘मोर्’ होतो. सामान्यरूप तर आणखी चकवतं: फाईल पण फायलीत, ओळ पण ओळीतून, घटक पण घटकाचा. आमचं मत असं की डॉक्ससाठी पूर्ण व्याकरण बसवायची गरज नाही. लांब आणि निःसंदिग्ध प्रत्यय, म्हणजे ‘मध्ये’, ‘साठी’, ‘पासून’, ‘पर्यंत’, ‘मधून’, हे काढावेत. आखूड प्रत्यय फक्त ठरलेल्या तांत्रिक शब्दांच्या मागून काढावेत. यावर गटात एकमत नाही. भाषाशास्त्र शिकलेला कुणी असेल तर त्याने यावं आणि भांडावं.

‘पायऱ्या’ हा शब्द कधी सापडतो, कधी नाही. का?

कारण तो तीन तऱ्हांनी टाइप होतो आणि डोळ्यांना तिन्ही जवळपास सारखेच दिसतात. एक, ०९३१ हा सांकेतिक क्रमांक असलेला ‘ऱ’, मग हलन्त आणि य. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त आणि य. तीन, साधा र, हलन्त, मग ‘झेडडब्ल्यूजे’ नावाचं न दिसणारं चिन्ह, मग य. कुठली तऱ्हा उमटेल ते कीबोर्डवर अवलंबून.

पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या एनएफसी प्रमाणीकरणाने एक होतात. तिसरी होत नाही, तिच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. इंग्रजी मॅन्युअलमध्ये ‘स्टेप्स’ जितक्या वेळा येतं तितक्या वेळा मराठीत ‘पायऱ्या’ येणार, तेव्हा हे किरकोळ नाही. गटाचा नियम साधा आहे: फायलीत पहिलीच तऱ्हा वापरायची. तपासायला छोटी स्क्रिप्ट आहे, ती चालवल्याशिवाय मजकूर पुढे पाठवू नका.

मग कोडमध्येच ‘पायरी’ नावाचा व्हेरिएबल ठेवता येतो का?

पायथन ३ मध्ये येतो. झेडडब्ल्यूजेवाला ‘पायऱ्या’ मात्र चालत नाही, न दिसणारं अक्षर आहे म्हणून पायथन एरर देतं. गो भाषेत तर ‘पायरी’सुद्धा चालत नाही, कारण तिथे नावात काना-मात्रेला जागाच नाही. गंमत म्हणून करून बघा. डॉक्समधल्या उदाहरणांत असली नावं आम्ही टाळतो.

मी मराठी शाळेत शिकलो. इंग्रजी कच्चं आहे. माझा काय उपयोग?

अशा माणसाचीच आम्हाला जास्त गरज आहे, आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही.

डॉक्स लिहिणाऱ्याला तो विषय आधीच येत असतो. कुठे पाय अडतो ते त्याला दिसत नाही. इंग्रजी सराईतपणे वाचणारा एखादं अवघड वाक्य अंदाजाने ओलांडून जातो. दहावीपर्यंत खानापुरात मराठीतून शिकून पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजीत पडलेला मुलगा तिथे थांबतो. तो जिथे थांबला ती जागा नोंदवण्यासारखी असते.

शिवाय आपल्या काही अडचणी फक्त इंग्रजी मजकूर हाताळणाऱ्यांना येतच नाहीत. कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोजवर मराठी नावांची सीएसव्ही फाईल पायथनने उघडून बघा. एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) सांगितलं नसेल तर जुनं पायथन सिस्टीमचं एन्कोडिंग धरतं, आणि इंग्रजी सेटिंगच्या विंडोजवर ते बहुधा सीपी-१२५२ असतं. मजकुरात एक जरी जोडाक्षर असलं की हमखास एरर, कारण युनिकोडच्या यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये हलन्ताचा जो शेवटचा बाइट असतो त्याची जागा त्या तक्त्यात रिकामी आहे. ऱ्हस्व उकार, ए, ऐ, झ यांनीही तसंच होतं. यांपैकी काहीच नसेल तर बहुतेक वेळा एरर येत नाही, नुसती कचरा अक्षरं दिसतात, आणि ते जास्त वाईट, कारण बिघडलंय हेच उशिरा कळतं. पेप ६८६ नुसार पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग होतं. पण जुन्या आवृत्त्या लॅबमध्ये अजून पुष्कळ वर्षं राहणार. तेव्हा फाईल उघडायच्या पहिल्याच उदाहरणात एन्कोडिंग लिहिलेलं असावं, असं ठासून सांगायला आपल्याइतका योग्य माणूस दुसरा नाही.

तक्रार लिहिताना पाच गोष्टी द्या: कुठलं पान, पायथनची कुठली आवृत्ती, तुम्ही काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मोडक्या इंग्रजीत चालतं. मराठीत लिहिलंत तर गटातलं कुणीतरी इंग्रजी करून देईल, पण नोंद तुमच्याच नावावर करा.

डॉक्समधलं उदाहरण चालवलं तर वेगळंच उत्तर येतं. हे कोण तपासतं?

यंत्राने तपासायला हवं, आणि त्याची सोय जुनी आहे. टिम पीटर्स यांचं डॉकटेस्ट हे मॉड्यूल २००१ मध्ये पायथन २.१ बरोबर आलं. मजकुरात इंटरप्रिटरवरचं संभाषण जसंच्या तसं लिहायचं, खाली अपेक्षित उत्तर. डॉकटेस्ट ते चालवून ताडून बघतं.

अडचण अशी की सगळी उदाहरणं या रूपात लिहिलेली नसतात, आणि काहींचं उत्तर दर वेळी बदलतं. बेळगाव, खानापूर, निपाणी अशा तीन नावांचा सेट छापा. प्रोग्रॅम परत चालवला की क्रम वेगळा येऊ शकतो, कारण मजकुराचे हॅश (मजकुरावरून काढलेले आकडे) पायथन मुद्दाम दर वेळी बदलतं. असं उदाहरण डॉकटेस्टमध्ये कधी पास, कधी नापास. छापण्याआधी क्रम लावून घ्या म्हणजे झालं. क्रम लावताना एक लक्षात ठेवा: पायथनचा साधा क्रम सांकेतिक क्रमांकाने लागतो, त्यात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये पडतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. मराठी अनुक्रमणिका करायची तर हेही निस्तरावं लागणार.

रस्ट या भाषेत हे जास्त नेटकं आहे, हे मान्य करावं लागेल. तिथे टिप्पणीत लिहिलेला कोडचा तुकडा नेहमीच्या चाचण्यांबरोबर आपोआप चालतो. तपासणी नको असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. पायथनमध्ये उलट, तपासणी हवी असेल तर मागावी लागते. गोमध्ये उदाहरण हे स्वतंत्र फंक्शनच असतं आणि शेवटच्या टिप्पणीत लिहिलेलं उत्तर जुळलं नाही तर चाचणी पडते. जावा २३ मध्ये डॉक्सच्या टिप्पण्या मार्कडाउनमध्ये लिहायची सोय २०२४ साली आली. दुसऱ्या भाषांची अवजारं बघत राहा. चांगली कल्पना उचलायला कुणाची परवानगी लागत नाही.

पहिलं काम कुठलं घेऊ?

पायथनच्या मूळ कोडमध्ये डॉक्सच्या फोल्डरात, टूल्समध्ये ‘निटइग्नोर’ नावाची फाईल आहे. ज्या पानांत अजून तुटलेले आंतरदुवे वगैरे इशारे येतात, त्या पानांची ती यादी. यादीत नसलेल्या पानात नवा इशारा आला तर तपासणी नापास होते. यादीतल्या पानांना तेवढी सूट आहे. तुम्ही यादीतलं एक छोटं पान निवडा, आपल्या लॅपटॉपवर डॉक्स बांधा, त्या पानाचे इशारे एकेक करून मिटवा, आणि ते नाव यादीतून काढा. पायथनचं खोल ज्ञान लागत नाही, पण गिट (बदलांची नोंद ठेवणारं अवजार), स्फिंक्स आणि बदल पाठवायची पद्धत या तिन्हींची ओळख एका दमात होते. पहिल्या वेळी करार मान्य करायची एक पायरी येते, ती ऑनलाइनच आहे.

टायपो सुधारण्यापासूनही सुरुवात होते, पण एका शब्दाच्या दुरुस्त्या सुट्या सुट्या पाठवत सुटू नका. तिकडे वाचणारे बरेचसे स्वयंसेवकच असतात.

पीडीएफमध्ये मराठीच्या जागी चौकोन येतात.

स्फिंक्स मूळ सेटिंगमध्ये पीडीएफलाटेक वापरतं. ते झीलाटेक किंवा लुआलाटेक करा आणि देवनागरीचा फाँट नाव देऊन सांगा, उदाहरणार्थ नोटो सान्स देवनागरी. आणि भाषा ‘एमआर’ अशी नोंदवा. ती वेबपानाच्या मथळ्यातही जाते, आणि ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाही.

आमच्याकडे जांबोटी-कणकुंबीकडे नेट कधी असतं, कधी नसतं. काय करू?

डॉक्सची झिप एकदा उतरवून ठेवा. पायथन ती स्वतःच देतं. स्फिंक्सचा शोध सर्व्हरवर नाही, ब्राउझरमध्येच चालतो, यादी फायलीतच असते. म्हणून नेट नसतानाही निकाल येतात, फार तर निकालाखालच्या सारांशाच्या ओळी दिसणार नाहीत. याच कारणासाठी शोधाचं काम कुठल्या बाहेरच्या सेवेवर सोपवायला आमचा विरोध आहे. शहरात बसून तो पर्याय आकर्षक वाटतो.

माझा मित्र कन्नड आहे. त्याला घेऊन आलो तर चालेल?

चालेल काय, घेऊनच या. कन्नडलाही हेच दुखणं आहे. तिथेही स्वरचिन्हं ही युनिकोडच्या लेखी चिन्हंच, म्हणून शब्द तसेच तुटतात, आणि प्रत्यय तर मराठीपेक्षा जास्त चिकटतात. तोडण्याचा नियम नीट लिहिला तर तो दोन्ही लिप्यांना लागू होतो, आणि तमिळ, तेलुगू, बांगलालाही. आमच्या चाचण्यांत गावांची नावं दोन्ही लिप्यांत आहेत. बेळगाव, बेळगावी, बेलगाम यांपैकी काहीही टाकलं तरी तेच पान यावं, अशीही एक चाचणी आहे. नाव कुठलं योग्य, हा वाद चहाच्या वेळी घाला.

आता एआयला विचारलं की सगळं कळतं. डॉक्स कोण वाचतं?

एआय वाचतं. आणि चुकीचं वाचलं तर चुकीचं, पण मोठ्या आत्मविश्वासाने सांगतं. शंका आली की शेवटी बघायचं ते मूळ पानच. एआयकडून अख्खे परिच्छेद लिहून घेऊन ते न तपासता पाठवू नका, एवढी विनंती.

सर्टिफिकेट मिळतं का? व्हीटीयूच्या (आमच्याकडच्या इंजिनिअरिंग विद्यापीठाच्या) इंटर्नशिपमध्ये धरतील?

सर्टिफिकेट आम्ही देत नाही. तुमचे स्वीकारलेले बदल तुमच्या नावासह कायम जाहीर राहतात, मुलाखतीत ते दाखवता येतात. इंटर्नशिपमध्ये धरायचं की नाही, ते तुमच्या विभागाला विचारा, आधी विचारा.

लॅपटॉप नाही, फोनच आहे.

डॉक्स बांधायला फोन गैरसोयीचा आहे. पण वाचायला, शोध तपासायला आणि तक्रार लिहायला पुरतो. फोनच्या कीबोर्डवरून ‘पायऱ्या’ टाइप करून पाठवा. तुमचा कीबोर्ड तीनपैकी कुठली तऱ्हा उमटवतो, ते आम्हाला नोंदवून ठेवायचंच आहे.